निळ्या डोंगराची सौम्य कॉफी

जगभरातली कॉफी बंदरांवर पोहोचते ती बहुतेक तागाच्या पोत्यांतून. जमैकाची ब्लू माउंटन कॉफी मात्र लाकडी पिंपांतून निघते. ७० किलोचं पिंप, त्यावर शिक्का, आत हिरवट-निळसर कच्च्या बिया. किंग्स्टनहून डोंगर चढताना आयरिश टाउन नावाचं छोटं गाव लागतं. ही पिंपं बनवणारे आयर्लंडचे कारागीर एके काळी तिथे राहत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. पुढे पोती स्वस्त झाली, सगळे देश पोत्यांकडे वळले; जमैकाने पिंप सोडलं नाही. आज ते या कॉफीची ओळख झालंय. भाजून तयार असलेल्या अस्सल मालाला परदेशात किलोमागे शंभर डॉलरहून जास्त मोजावे लागतात. इतके पैसे देऊन नेमकं काय मिळतं, हे समजून घेतलं तर तो कप नीट पिता येतो.

चिकोरी घातलेल्या दाट डिकॉक्शनवर वाढलेल्या जिभेला पहिल्या घोटात काहीच लागत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. इथे झणका नाही, जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा कडूपणा नाही. आहे तो मऊ, सायीसारखा गुळगुळीत घोट, किंचित आंबट धार, भाजलेल्या सुक्या मेव्याचा आणि कोकोचा वास, आणि मागाहून येणारा गोडवा. यातली एकही चव दुसरीवर कुरघोडी करत नाही. माझ्या मते या कॉफीचं मोठेपण एवढंच आहे, आणि ते साधणं सगळ्यांत अवघड आहे.

हा सौम्यपणा येतो डोंगरातून. जमैकाच्या पूर्व भागात ब्लू माउंटन रांग आहे. तिचं सर्वांत उंच शिखर २,२५६ मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईहून सहाशे मीटरने उंच. सेंट अँड्र्यू, सेंट थॉमस, पोर्टलंड आणि सेंट मेरी या चार परगण्यांत, साधारण ३,००० ते ५,५०० फुटांच्या पट्ट्यात पिकलेल्या कॉफीलाच ‘ब्लू माउंटन’ म्हणता येतं. त्याच्या वर राखीव जंगल आहे. खालच्या उतारावरची कॉफी ‘हाय माउंटन’ अशा नावांनी विकली जाते. नाव भारदस्त वाटतं, पण तो दर्जा वेगळा.

या पट्ट्यात धुकं उतरतं, ऊन मंदावतं, हवा गार राहते. अशा हवेत फळ सावकाश पिकतं. फुलापासून तोडणीपर्यंत दहा महिनेही लागतात. बी घट्ट होते, तिच्यात साखर साठत जाते. एकाच फांदीवर लाल आणि हिरवी फळं शेजारी शेजारी असतात, त्यामुळे तोडणारा माणूस फक्त लाल फळ खुडतो आणि बाकीच्यांसाठी पुन्हा त्याच झाडाकडे येतो. तेही अशा उतारावर, जिथे टोपली घेऊन नुसतं उभं राहायलासुद्धा पाय रोवावे लागतात.

पुढचं कामही हाताचंच. फळं पाण्यात टाकतात, तरंगतील ती पोकळ म्हणून बाजूला काढतात. गर सोलून बिया आंबवतात, धुतात आणि सिमेंटच्या खळ्यावर पसरून उन्हात वाळवतात. या खळ्याला तिथे ‘बार्बेक्यू’ म्हणतात. पावसाचा थेंब दिसला की सगळा माल गोळा करून झाकायची धावपळ होते. वाळलेल्या बिया कागदासारख्या टरफलासकट काही आठवडे मुरू देतात आणि मगच टरफल काढतात. मग चाळणी. एक नंबरच्या मालाला १७ नंबरची, म्हणजे १७/६४ इंच भोकाची चाळणी लागते. शेवटी लांबलचक टेबलांशी बसलेल्या बायका फुटकी, डागाळलेली बी हाताने वेचून काढतात. फळात दोनऐवजी एकच गोल बी भरली तर ती पीबेरी. माटुंग्यात किंवा पुण्यात समोर कॉफी दळून देणाऱ्या दुकानांच्या गिऱ्हाइकांना हे नाव नवं नाही. जमैकातही पीबेरी वेगळी काढून विकतात.

या झाडाचं वाण टिपिका, आणि त्याच्या प्रवासात आपला मलबार किनारा येतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस डचांनी मलबारहून कॉफीचं बियाणं जावाला नेलं. जावाहून रोप गेलं ॲमस्टरडॅमच्या बागेत, आणि १७१४ मध्ये त्या शहराच्या महापौरांनी फ्रान्सच्या चौदाव्या लुईला एक झाड भेट दिलं. त्याच्या वंशातलं रोप गॅब्रिएल द क्लिये हा नौदलातला अधिकारी मार्टिनिक बेटावर घेऊन गेला. जहाजावर पाणी संपत आलं तेव्हा स्वतःच्या वाट्याचं पाणी रोपाला पाजलं, असं त्यानेच लिहून ठेवलंय. मार्टिनिकहून १७२८ मध्ये जमैकाचे माजी गव्हर्नर सर निकोलस लॉज यांनी कॉफी जमैकात आणली.

यानंतरचा इतिहास गोड नाही. या उतारांवरचे मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर उभे राहिले. हैतीतल्या क्रांतीनंतर तिथून पळालेले फ्रेंच मळेवाले इथे आले आणि लागवड आणखी फोफावली. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, १८३८ मध्ये माणसं खऱ्या अर्थाने मोकळी झाली. त्यांनी मळ्यांकडे पाठ फिरवली, ते स्वाभाविकच होतं. मोठे मळे मोडले, तुकड्या-तुकड्यांची शेती उरली. याच डोंगरांनी पळून आलेल्या गुलामांना, मरून लोकांना, आसराही दिला होता. २०१५ मध्ये युनेस्कोने ब्लू अँड जॉन क्रो माउंटन्सना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो निसर्गासाठी आणि या इतिहासासाठीही.

१९४०च्या दशकात इथल्या कॉफीचा दर्जा इतका घसरला, की कॅनडाचे खरेदीदार माल नाकारू लागले. मग १९४८ मध्ये कायदा झाला, १९५० मध्ये कॉफी मंडळ आलं, चव तपासल्याशिवाय माल बाहेर पाठवायचा नाही असा शिरस्ता पडला. नाव परत मिळालं, ते जपानमुळे फार पसरलं. जपानी कंपन्यांनी इथे पैसा घातला. यूसीसी या कंपनीने १९८१ मध्ये क्रेटन इस्टेट हा मळाच विकत घेतला. कित्येक वर्षं निर्यातीचा सिंहाचा वाटा जपानला जात राहिला. भाव चढा राहण्याचं हे एक मोठं कारण. थोडक्या जमिनीतला थोडका माल, त्यातला बराचसा आधीच बोली लागलेला.

दुसरं कारण वादळांचं. १९८८च्या गिल्बर्ट चक्रीवादळाने बागाच्या बागा झोपवल्या. कॉफीचं नवं रोप फळायला तीन-चार वर्षं लागतात, तोवर शेतकऱ्याने खायचं काय? टिपिका तांबेऱ्यालाही लवकर बळी पडते. इथला बहुतेक शेतकरी छोटा आहे. तो फळं ‘बॉक्स’च्या मापाने देतो, एक बॉक्स ६० पौंडांचा, आणि कारखाना त्या बॉक्सला काय भाव देणार यावर त्याचं वर्ष ठरतं. शंभर डॉलरच्या पाकिटातला त्याचा वाटा फार लहान असतो. या कॉफीचं कौतुक करताना हे बोललंच पाहिजे.

विकत घेताना पाकीट नीट वाचा. ‘ब्लेंड’ लिहिलं असेल तर आत दुसरीकडची कॉफी मिसळलेली आहे, ‘स्टाइल’ लिहिलं असेल तर ब्लू माउंटनचा पत्ताच नाही असं समजा. काळीभोर भाजलेली घेऊ नका. तिचा सौम्यपणा जळून गेलेला असतो. तपकिरी, मध्यम भाजलेल्या अख्ख्या बिया शंभर ग्रॅमच घ्या, लागतील तेवढ्या आयत्या वेळी दळा. १५ ग्रॅमला साधारण पाव लिटर पाणी, उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबून घातलेलं. कागदी फिल्टर किंवा फ्रेंच प्रेस उत्तम. घरचा स्टीलचा फिल्टरही चालेल, फक्त दळण जरा जाडसर हवं. पहिला कप दूध-साखरेविना घ्या, आणि कढत असताना संपवू नका. कोमट होत जाते तसा गोडवा वर येतो. दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ ही आपली जुनी आवडही सोडायचं कारण नाही, पण तिच्यासाठी चिकमगळूरची कॉफी जास्त शोभते, आणि खिशालाही परवडते.