पन्नास हजारांत बसणारं यंत्र

"दादा, पन्नासात गेमिंगचा पीसी बसेल काय?"

कॉलेजं सुरू व्हायच्या दिवसांत कोल्हापुरात राजारामपुरी-शाहूपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत हा प्रश्न हमखास कानावर पडतो. जाणता दुकानदार लगेच कोटेशन लिहायला घेत नाही. "भावा, खेळणार काय ते आधी सांग," म्हणतो. उद्यमनगरात लेथ बघायला गेलेल्या माणसालाही आधी जॉब कसला आहे तेच विचारतात. पैसा बेताचा असला की यंत्र कामावरूनच ठरवावं लागतं.

व्हॅलोरंट आणि सायबरपंक २०७७ हे दोन्ही गेम २०२० चे. व्हॅलोरंट साध्या पीसीवरही पळावा म्हणून मुद्दाम हलका बांधलाय. त्याला कार्डापेक्षा प्रोसेसरची चपळाई लागते. सायबरपंक मात्र ग्राफिक कार्डाचा घाम काढतो. दोघांसाठी एकच पीसी सुचवणारा माणूस तुमचं ऐकत नाहीये, असं खुशाल समजावं.

दुसरा प्रश्न पडद्याचा. फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांच्या वर ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं हवीत तर एकेक चित्र रंगवायला कार्डाला १७ मिलिसेकंदही मिळत नाहीत. फोर-के पडद्यावर ठिपके चौपट होतात, वेळ तेवढाच राहतो. म्हणून पन्नास हजारवाल्यानं फुल एचडीवर समाधान मानावं. त्यात कमीपणा काही नाही, चित्र झकास दिसतं. मॉनिटरही याच पैशात बसवायचा असेल, तर मात्र हिशेब फार ताणतो.

मोठे गेम खेळायचे असतील तर माझ्या मते चाळीस टक्के रक्कम एकट्या ग्राफिक कार्डाला द्यावी. २०२१ चं आरएक्स ६६०० हे ८ जीबीचं कार्ड या गटात फार कामाचं ठरलं, कारण १३२ वॅटमध्ये ते फुल एचडी नीट सांभाळतं. जोडीला २०२२ चा रायझन ५ ५६०० किंवा आय-३ १२१००एफ पुरतो. शेवटचा 'एफ' विसरू नका: या प्रोसेसरात स्वतःचं ग्राफिक्स नसतं, कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो. रॅम १६ जीबी घ्यायची तर ८-८ च्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन वाटांनी माहिती वाहते आणि गेम अडखळत नाही. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांपायी रॅमचे भाव असे भडकले, की गेल्या महिन्याचं कोटेशन आज धरून चालत नाही.

पोरं फसतात ती काचेच्या कॅबिनेटला आणि रंगीत पंख्यांना. दिसायला सुरेख, मान्य. पण त्या दिव्यांचे पैसे बहुतेक वेळा एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, कापले जातात, आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. स्वस्तातला डबा हातात घ्या आणि बाजूचा स्टिकर वाचा. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर जगतात ते याच १२ व्होल्टच्या लाइनवर; वरचा मोठा आकडा त्यांच्या उपयोगाचा नाही. '८० प्लस ब्रॉन्झ' ही खूण वीज किती कमी वाया जाते ते सांगते, आतले भाग किती दणकट ते नाही. म्हणून खूण बघावी, स्टिकर वाचावा आणि वॉरंटी किती वर्षांची तेही विचारावं. कंपनी स्वतःच्या मालावर किती विश्वास ठेवते, ते तिथं कळतं.

विजेचा विषय निघालाच आहे तर यूपीएसचंही सांगतो. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. ऐन मॅचमध्ये लाइट गेली आणि पीसी तेव्हा तीनशेच्या घरात वीज ओढत असला, तर जुनी बॅटरी तिथंच मान टाकते. आणि पीसी टेबलावरच ठेवावा, तोही शक्यतो वरच्या मजल्यावर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शाहूपुरीत पाणी शिरलं होतं. तळमजल्यावर राहणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही.

सेकंडहँड कार्ड घ्यावं का? सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक कार्डांवर चालणारं इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद पडलं आणि महिनोन् महिने रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. ती सगळी खराब नव्हती, पण पंखे आणि थर्मल पेस्ट झिजलेली असायची. समोर अर्धा तास जड गेम चालवून बघावा, पडद्यावर ठिपके किंवा रेघा उमटतात का ते पाहावं, तापमान वाचावं. विकणारा एवढा वेळ द्यायला तयार नसेल तर कार्ड तिथंच ठेवून निघावं. नव्या भागांचं बिल मात्र पक्कंच घ्यावं. १८ टक्के जीएसटी वाचवायच्या नादात बिल सोडलं, की वॉरंटीसाठी भांडायला हातात काही उरत नाही.

आणि पन्नासही जमत नसतील तर? मग रायझन ५ ५६००जी. यात ग्राफिक्स आतच असतं; व्हॅलोरंट आणि जुना जीटीए ५ त्यावर सेटिंग उतरवून बऱ्यापैकी चालतात. याची कॅश मेमरी साध्या ५६०० च्या निम्मी, म्हणजे पुढं कार्ड बसवल्यावर हा थोडा मागं पडतो, पण कॉलेजचं पहिलं वर्ष अडत नाही. दिवाळीला वडिलांचा बोनस येतो, सुट्टीत एखादं काम मिळतं. कार्ड तेव्हा घ्यावं. आज फक्त एवढंच बघायचं, की पेटीत त्याच्या लांबीची जागा आहे आणि एसएमपीएस ५५० वॅटचा, ८-पिनची वायर असलेला आहे.