रेषा आणि शाई (लेखांक ९) : बिबट्याचे ठिपके

"सर, बिबट्या कधी शिकवणार?" उत्तनच्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न बरेच दिवस पडून होता. आज त्यालाच हात घालू. बिबट्या आपल्याला परका नाही. मीरा-भाईंदरची हद्द चेण्यापाशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलाला भिडते.

आधी एका गेंड्याची गोष्ट. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना भेट दिलेला गेंडा जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने निघाला आणि २० मेला लिस्बनला उतरला. न्युरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्युररने तो कधीच पाहिला नाही. हाती आलेलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन यांवरून त्याने टाक-शाईने गेंडा काढला, मग लाकडी ठशावरून छापला. अंगावर चिलखताचे पत्रे, पायांवर खवले आणि खांद्यांमध्ये एक जास्तीचं पिळदार शिंग! तरी युरोपने पिढ्यानपिढ्या तोच गेंडा खरा मानला, कारण त्याच्या रेषेत कुठे डळमळ नाही. पेन्सिलीत चित्रकाराची शंका फिकट उमटते. शाईत चूकही तितक्याच ठामपणे उभी राहते. म्हणून टाक उचलण्याआधी जनावर नीट पाहून घ्यायचं.

बिबट्यात काय पाहायचं? ठिपके, पण ते अंगभर सारखे नसतात. डोकं, मान आणि पायांवर भरीव काळे. पाठीवर आणि कुशीवर मात्र तुटक काळ्या डागांची वलयं, आत जरा गडद बदामी रंग. या वलयांची मांडणी प्रत्येक बिबट्याची वेगळी, शिवाय डाव्या कुशीची उजवीशी जुळत नाही. कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून अभ्यासक एकेक बिबट्या ओळखतात तो याच खुणेवर. म्हणजे मनाला येतील तसे ठिपके टाकले, तर फोटोतला बिबट्या कागदावर येतच नाही.

पेन्सिलीने आधी शरीर बांधा: बरगड्यांचा पिंजरा, खांद्याचं पातं, कंबर. दबा धरून चालताना खांद्याची पाती पाठीच्या रेषेवर चढतात, ती चुकली तर पुढचं सगळं व्यर्थ. मग वलयं फिकी आखा. कुशीच्या मधोमध ती गोल दिसतात, पाठीच्या कण्याकडे आणि पोटाकडे वळताना चपटी होत जातात. नवशिके नेमके इथेच फसतात. सगळी वलयं एकसारखी गोल काढली की जनावराऐवजी सपाट अंथरलेलं कातडं दिसतं.

आता शाई. ठिपक्याची कड काढून आत काळं भरू नका. केसांच्या दिशेने छोटे छोटे फटकारे मारा, कड आपोआप केसाळ होते. नाकाकडून कपाळावर, कपाळावरून मानेवर, मानेवरून खाली अशी केसांची वाट बोटाने हवेत गिरवून पाहा. सावलीचा प्रश्न मोठा आहे, कारण ठिपकाही काळा आणि सावलीही काळी. माझा उपाय असा, की उजेडातल्या ठिपक्यांत फटकाऱ्यांमधून थोडा कागद दिसू द्यायचा, सावलीतले दाट करायचे आणि सावलीच्या तिरक्या रेषा सर्वांत बारीक निबने शेवटी ओढायच्या. पोट, हनुवटी, शेपटीच्या टोकाची खालची बाजू कोरीच ठेवा. डोळ्याची बाहुली गोल असते, घरच्या मांजरासारखी उभी चीर नव्हे.

आणि उत्तनकरांसाठी खास. समुद्राच्या दमट हवेत, पावसाळ्यात तर हमखास, कागद ओल धरतो आणि शाई फुटते. मिशीसारख्या बारीक रेषेचा त्यात पार चिखल होतो. त्याच कागदाच्या कोपऱ्यात आधी एक रेघ ओढून बघा. फुटली तर कागद दोन कोऱ्या कागदांमध्ये धरून हलकी इस्त्री फिरवा आणि पुन्हा रेघ ओढा. मिशा पांढऱ्या असतात, तेव्हा त्यांची जागा पेन्सिलीने आधीच राखून ठेवा आणि गालावरचे फटकारे त्या पांढऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना थांबवा.