नारळी पौर्णिमेनंतरचा अटलांटिक

वादळांचे समुद्र : लेखांक ६

२९ जून २०२४. आपल्याकडे मध्यरात्र व्हायला आली होती आणि बार्बाडोसच्या ब्रिजटाउनमध्ये भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. गल्लोगल्ली फटाके फुटत होते, तेव्हा त्या बेटाच्या पूर्वेला हजार-बाराशे किलोमीटरवर ‘बेरिल’ नावाचे वादळ तासागणिक फुगत होते. पुढचे काही दिवस विमानतळ बंद, खेळाडू हॉटेलात अडकलेले. खास विमानाने संघ ४ जुलैला सकाळी दिल्लीला उतरला आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र लोटला. अटलांटिकच्या वादळाची झळ मुंबईला क्वचितच पोचते. त्या वर्षी पोचली ती एवढीच, एका मिरवणुकीला झालेल्या उशिराची.

बेरिलने बार्बाडोसला दक्षिणेकडून नुसते चाटून सोडले. १ जुलैला ते ग्रेनाडाच्या कॅरिआकू बेटावर आदळले आणि तिथे धड छप्पर असलेले घर शोधावे लागले. दुसऱ्या दिवशी, २ जुलैला, ते पाचव्या म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत गणले गेले. वारा ताशी २५२ किलोमीटरच्या पुढे गेला की ही श्रेणी लागते. अटलांटिकमध्ये इतक्या लवकर त्या पायरीवर पोचलेले वादळ नोंदींत नाही. आधीचा विक्रम २००५ च्या ‘एमिली’चा होता, तोही जुलैच्या मध्याचा.

यात ‘लवकर’ काय, हे कळायला अटलांटिकचे वेळापत्रक माहीत हवे. गेल्या आठवड्यात आपण आपल्या दोन समुद्रांचे दोन हंगाम पाहिले, मोसमी पावसाच्या आधीचा आणि नंतरचा. मधल्या महिन्यांत खालचे वारे एका दिशेला आणि वरचे वारे दुसऱ्या दिशेला वाहतात, त्यामुळे वादळ उभे राहू लागले की त्याचा शेंडाच मोडतो. अटलांटिकला असा मधला विसावा नाही. तिथला हंगाम १ जूनला सुरू होतो, ३० नोव्हेंबरला संपतो आणि त्याचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास येतो. नारळी पौर्णिमेला आपले कोळी बांधव दर्याला नारळ वाहतात, होड्या पुन्हा पाण्यात लोटतात. आपला समुद्र निवळत जातो, त्याच दिवसांत अटलांटिकचा सर्वांत वाईट काळ सुरू होतो.

या वादळांचे बीज आफ्रिकेत पडते. उत्तरेला सहाराची तापलेली कोरडी हवा, दक्षिणेला गिनीच्या किनाऱ्याची दमट, त्या मानाने थंड हवा. या दोहोंच्या सीमेवर, जमिनीपासून तीन-चार किलोमीटर उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाऱ्याचा एक वेगवान झोत वाहतो. दोरीचे टोक हलवावे तशा त्या झोतात लाटा उठतात आणि दर तीन-चार दिवसांनी एक लाट सेनेगलच्या किनाऱ्यावरून समुद्रावर उतरते. वर्षाला अशा साठेक लाटा. बहुतेक वाटेतच विरतात. खाली साडेसव्वीस अंशांपेक्षा ऊन पाणी मिळाले, हवेत ओल असली आणि वरचे-खालचे वारे आपसांत भांडत नसले, तरच एखादी लाट स्वतःभोवती फिरू लागते. जूनमध्ये हे सहसा जमत नाही. पाणी पुरते तापलेले नसते आणि सहाराची धूळ घेऊन येणारी कोरडी हवा समुद्रावर पसरलेली असते. २०२४ च्या जूनअखेरीला मात्र तिथले पाणी एरवी ऑगस्टअखेर असते तितके तापले होते. बेरिलला दोन महिने आधीच ताट वाढलेले मिळाले.

म्हणूनच त्या वर्षी सगळ्यांनी धसका घेतला होता. अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेने मे महिन्यातच नाव द्यावे लागेल अशा १७ ते २५ वादळांचा अंदाज दिला होता. सरासरी १४ ची. मे महिन्यात एवढा मोठा आकडा त्या संस्थेने कधीच दिला नव्हता. एल निनो ओसरत होता. तो असला की अटलांटिकवर वरच्या वाऱ्यांची ओढ वाढते आणि वादळे तुटतात. तो गेला, म्हणजे तो लगामही गेला.

आणि मग काहीच झाले नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला ‘डेबी’ फ्लोरिडात शिरले, मध्याला ‘अर्नेस्टो’ बर्म्युडावरून गेले आणि २० ऑगस्टच्या सुमाराला विरले. आदल्याच दिवशी आपली नारळी पौर्णिमा झाली होती. तिथून ९ सप्टेंबरपर्यंत अटलांटिकवर एकाही नव्या वादळाला नाव द्यावे लागले नाही. ऐन हंगामात तीन आठवडे शुकशुकाट. अंदाज चुकला, उगाच घाबरवले, अशी कुजबुज सुरू झाली.

मला या हंगामातले हेच दिवस सर्वांत शिकण्यासारखे वाटतात. लाटा थांबल्या नव्हत्या, वाट चुकल्या होत्या. पश्चिम आफ्रिकेचा मोसमी पट्टा त्या वर्षी नेहमीपेक्षा फार उत्तरेला सरकला होता. इतका, की सप्टेंबरात मोरोक्कोच्या वाळवंटात पूर आले आणि अनेक दशके कोरड्या पडलेल्या इरिकी तलावात पाणी साठले. त्या पट्ट्याबरोबर लाटाही उत्तरेला सरकल्या आणि थंड पाण्यावर, कोरड्या हवेत उतरून मेल्या. शिवाय वरची हवा इतकी उबदार होती की खालची वाफ सहजी वर चढेना. पण समुद्रात साठलेली उष्णता कोणी खर्च केली नव्हती. कॅरिबियन आणि मेक्सिकोच्या आखातात ती तशीच पडून होती.

२४ सप्टेंबरला ‘हेलीन’ला नाव मिळाले. २६ तारखेच्या रात्री ते ताशी २२५ किलोमीटरच्या वाऱ्यानिशी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर चढले. जागा आणि वेळ, दोन्हींचा अंदाज आधीच्या दिवसांत उत्तम दिला गेला होता. तरीही या वादळाने अडीचशेच्या आसपास माणसे नेली, आणि सर्वाधिक बळी गेले नॉर्थ कॅरोलायना राज्यात, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, डोंगराळ भागात. तिथले अ‍ॅशव्हिल शहर वादळ चढले त्या जागेपासून सुमारे सहाशे किलोमीटरवर आहे. हवामान बदलाच्या भीतीने लोक सुरक्षित म्हणून जिथे घर घेतात, असे ते गाव.

सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला यामागचे कारण समजावून सांगावे लागत नाही. दमट वारा डोंगराला धडकला की वर चढतो, निवतो आणि सगळे पाणी तिथेच टाकतो. अ‍ॅपलाचियन पर्वताने हेच केले. हेलीन यायच्या आधीच दोन दिवस तिथे पाऊस कोसळत होता, माती पाण्याने गच्च झाली होती. बुसिक या ठिकाणी सगळा मिळून ७८० मिलिमीटर पाऊस मोजला गेला. अरुंद दऱ्यांतून नद्या उसळल्या, दरडी सुटल्या, रस्ते वाहून गेले. फ्रेंच ब्रॉड नदीने १९१६ च्या महापुराची खूण ओलांडली. २०२१ च्या जुलैत चिपळूणचा पूर आणि तळियेची दरड ज्यांनी पाहिली, त्यांना ती छायाचित्रे परकी वाटली नसतील. वादळाची श्रेणी वाऱ्यावरून ठरते. माणसे मात्र बहुधा पाण्याने मरतात, आणि श्रेणीच्या आकड्यात पाण्याचा हिशेब कुठेच नसतो. त्या मोजपट्टीचे हे न्यून मला फार बोचते.

फ्लोरिडाच्या रस्त्यांवर हेलीनने टाकलेला राडारोडा अजून उचलायचा होता, तोवर ‘मिल्टन’ आले. ५ ऑक्टोबरला जन्म, ७ ऑक्टोबरला पाचवी श्रेणी. मधल्या एका दिवसात साधेसे वादळ ताशी २८५ किलोमीटरच्या वाऱ्याचे राक्षस झाले, केंद्रातला दाब ८९५ मिलिबारपर्यंत उतरला. टॅम्पा शहराने वर्षानुवर्षे ज्या उधाणाची धास्ती बाळगली, ते आता येणार असे दिसत होते. ९ तारखेच्या रात्री वादळाचे केंद्र टॅम्पाच्या थोडे दक्षिणेला, सिएस्टा की इथे जमिनीवर आले. उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरते. त्यामुळे फ्लोरिडाच्या या पश्चिम किनाऱ्यावर केंद्राच्या उत्तरेला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दक्षिणेला समुद्राकडून जमिनीकडे. टॅम्पाच्या खाडीत पाणी चढण्याऐवजी ओहोटीहूनही खाली गेले. उधाण दक्षिणेकडच्या गावांत शिरले. काही कोसांच्या फरकाने एक महानगर वाचले.

नोव्हेंबरातही समुद्र थांबला नाही. ‘राफाएल’ क्यूबावर आदळले, ‘सारा’ने होंडुरास भिजवला. अखेरची गणती १८ वादळे, त्यांपैकी ११ ‘हरिकेन’, म्हणजे श्रेणी लागण्याइतक्या जोराची, आणि त्यांतली ५ अतितीव्र. मे महिन्यातला अंदाज खरा ठरला होता. २५ सप्टेंबरनंतर सात हरिकेन झाली, तेवढ्या काळातला हा विक्रम आहे.

आपल्याकडे वादळाचे नाव एकदाच वापरतात. ‘निसर्ग’ पुन्हा येणार नाही, ‘तौक्ते’ही नाही. अटलांटिकमध्ये सहा याद्या आलटून पालटून फिरतात आणि फार नुकसान केलेले नाव तेवढे वगळतात. एप्रिल २०२५ मध्ये जागतिक हवामान संघटनेने तीन नावे काढली. २०३० साली ती यादी पुन्हा येईल तेव्हा बेरिलच्या जागी ब्रियाना असेल, हेलीनच्या जागी हॉली आणि मिल्टनच्या जागी माइल्स.

(क्रमशः)