परक्या समुद्रातला मासा, घरोघरचा दोस्त

पावसाळ्याआधी सुकट, बोंबील, सोडे डब्यात भरून ठेवणाऱ्या कोकणी घरांना सुक्या माशाचे मोल सांगायला नको. पण जो मासा आपल्या किनाऱ्यावर मिळतच नाही, तोच एखाद्या देशाच्या दस्तरखानाची शान झाला तर? पोर्तुगालमध्ये तसे घडले आहे.

‘बाकाल्याव’ म्हणजे खारवून सुकवलेला कॉड. हा थंड पाण्यातला मासा. त्यासाठी पोर्तुगीज कोळी सोळाव्या शतकापासून अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडपर्यंत जात. कॉडची चरबी मांसात नव्हे, यकृतात साठते. म्हणून मिठाने पाणी शोषले की तो खवट न होता महिनोन्महिने टिकतो. देशात मिठागरे होती. कॅथलिकांच्या उपवासात मांस वर्ज्य, मासा मात्र चालत असे. त्यामुळे समुद्रापासून दूरच्या खेड्यांतही तो पोचला आणि लोक त्याला ‘विश्वासू मित्र’ म्हणू लागले.

या दोस्तीची किंमत कोळ्यांनी मोजली. 1934 मध्ये सालाझारच्या हुकूमशाही सरकारने कॉडच्या व्यापारावर नियंत्रण आणले आणि स्वदेशी मासेमारीला जोर दिला. जहाजे सहा-सहा महिने घराबाहेर असत. पहाटे एकेक माणूस छोट्या होडीत एकटाच उतरे, शेकडो गळांची दोरी सोडे, आणि भरलेली होडी वल्हवत परते. धुक्यात वाट चुकलेले काही परतलेच नाहीत. जहाजावर आल्यावरही मासे चिरण्याचे, खारवण्याचे काम रात्रीपर्यंत चाले. ही पद्धत 1974 च्या सुमारास संपली. पुढे कॉड इतका घटला की 1992 मध्ये कॅनडाने न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद केली. आज पोर्तुगालला बराचसा मासा नॉर्वेकडून येतो.

शिजवण्याआधी तुकडे एक-दोन दिवस थंड पाण्यात भिजवतात आणि पाणी अनेकदा बदलतात. घाई केली तर सारा पदार्थ खारट! ‘आ ब्राश’ प्रकारात माशाच्या रेषा सोडवून कांदा, तळलेल्या बटाट्याच्या बारीक काड्या आणि अंडी घालून परततात. वर काळे ऑलिव्ह पेरतात. नाताळच्या आदल्या रात्री मात्र साधा बेत असतो: उकडलेला मासा, बटाटे, कोबी, अंडी आणि वरून ऑलिव्ह तेल.

ज्या घरांतले बाप-भाऊ अर्धे वर्ष समुद्रावर असत, त्या घरांनाही हाच मासा रोजी देत होता. खारवलेल्या माशामागचे असे कष्ट आपल्या किनाऱ्यालाही अनोळखी नाहीत.