सवलत सरकारची, मग अट का नको?

काळेवाडी फाट्यावर सकाळी चाकणच्या कंपन्यांच्या बसची वाट पाहणारी आपली मुले आम्ही रोज पाहतो. आयटीआय झालेली असूनही अनेकांच्या गळ्यात ठेकेदाराचे ओळखपत्र असते. "कंपन्या खासगी आहेत, सरकार काय करणार?" असे त्यांना सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे.

पवनेपलीकडे पिंपरीत केंद्र सरकारने १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना केली. पेनिसिलिन देशातच बनावे हा उद्देश होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने त्यासाठी मदत केली. शेतीतून बाहेर पडू पाहणाऱ्या, पण पुरेसे उद्योग नसलेल्या देशात खासगी भांडवल तोकडे असते आणि जोखीम टाळते. म्हणून सुरुवात सरकारला करावी लागते. १९६२ मध्ये एमआयडीसी आली. जमीन संपादन, पाणी, रस्ते सरकारने केले आणि त्या पायावर खासगी कारखाने उभे राहिले.

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखले होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मूलभूत व महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ही तरतूद राज्यघटनेतच असावी, अशी मागणी त्यांनी केली. सत्ताधारी बदलले तरी ती बदलू नये, हा त्यामागचा विचार होता.

सरकारी कारखान्यात आरक्षण होते. त्या पगारावर आपली एक पिढी शिकली, घरे झाली. १९९१ नंतर सरकार उद्योगातून बाहेर पडले असे म्हणतात. प्रत्यक्षात भूखंड, पाणी, रस्ते, करसवलती ते आजही देते. थांबल्या त्या सरकारी नोकऱ्या, आणि त्यांच्याबरोबर आरक्षण. २०१६ मध्ये तर हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची जादा जमीन विकून देणी फेडण्याचा आणि पुढे कंपनीच विकण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला.

दक्षिण कोरियाने १९६० नंतर खासगी उद्योगांना स्वस्त कर्जे दिली, पण निर्यातीची उद्दिष्टे घालून. महाराष्ट्रातही सवलती घेणाऱ्या उद्योगांना स्थानिकांना नोकऱ्या देण्याची अट आहे. म्हणजे अट घालता येते. मग अनुसूचित जाती-जमातींच्या प्रतिनिधित्वाची आणि कायम नोकरीची अट का नको?

तरुणांनो, आपल्या भागातील कोणत्या कंपनीला काय सवलत मिळाली आणि तिथे कायम कामगार किती, हे माहिती अधिकारात विचारा. जनतेच्या पैशाचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे.

जय भीम!