एकच पान, चवी किती! – जपानी चहाची ओळख



आमच्या स्टाफरूममध्ये एकदा कुणीतरी ग्रीन टीचा डबा आणला. वजन कमी करायचं, हे कारण आलंच. मावशींनी नेहमीसारखं गंजात पाणी ठेवलं, पत्ती टाकली आणि चांगल्या तीन उकळ्या काढल्या. पहिल्याच घोटाला सगळ्यांची तोंडं वाकडी! डबा जो कपाटावर गेला तो तिथेच राहिला. खरं तर चूक चहाचीही नव्हती आणि मावशींचीही नव्हती. आपला चहा उकळायचा असतो, तो उकळायचा नसतो, एवढंच. पण असं का? याचं उत्तर जपानी चहातून फार छान कळतं.

आधी एक गोष्ट पक्की करू. काळा चहा, हिरवा चहा, माचा ही वेगवेगळी झाडं नाहीत. सगळ्यांचं झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. फरक पडतो तो पान खुडल्यावर त्याचं काय करतात यावर. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना? म्हणून तर आपण ते पाण्यात टाकतो. चहाचं पानही चुरगळलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे तसंच तांबूस-काळं होतं. आपल्या चहात ते मुद्दाम होऊ देतात. जपानमध्ये पान खुडल्याबरोबर त्याला वाफ देतात. वाफेने पानातलं विकर निकामी होतं आणि हिरवा रंग टिकतो. मग पान वळतात आणि वाळवतात. ही पद्धत उजी भागातल्या नागातानी सोएन यांनी १७३८ मध्ये बसवली असं मानतात. हाच तो सेंचा. जपानी माणूस रोज पितो तो बहुतेक हाच.

आपल्या चहाची बारीक दाणेदार पत्ती बनवणारं यंत्र १९३० च्या सुमारास आसामात आलं. ती पत्ती झटकन रंग सोडते, कडक होते, आणि तिचा तुरटपणा दूध-साखर सांभाळून घेतात. सेंच्यात दूधही नाही, साखरही नाही. मग कडूपणा आवरायचा कसा? पाण्याच्या तापमानाने! पानातले तुरट-कडू पदार्थ आणि कॅफिन गरम पाण्यात जास्त उतरतात. गोडसर चवीचं थिअनिन मात्र कोमट पाण्यातही उतरतं. म्हणून सेंच्याला ७० ते ८० अंशांचं पाणी घ्यायचं, कपाला एक छोटा चमचा पत्ती टाकायची, एक मिनिट थांबायचं आणि गाळायचं. पत्ती फेकू नका बरं का, दुसरा आणि तिसरा कपही निघतो.

घरी थर्मामीटर कुठून आणायचा? जपानी लोकांची युक्ती सोपी आहे. उकळलेलं पाणी एका कपातून दुसऱ्या कपात ओतलं की दर वेळी साधारण दहा अंश उतरतं. (आपल्याकडे मे महिन्यात थोडं कमीच उतरेल!) सातवी-आठवीच्या वर्गात हा प्रयोग जरूर करा. प्रयोगशाळेतला थर्मामीटर घ्या, दर ओतण्याला मुलांना नोंद करू द्या, मग आलेख काढायला लावा.

आता सावलीची गंमत. सातपुड्याच्या पायथ्याला अंजनगाव सुर्जीकडचे पानमळे तुम्ही पाहिले असतील. नागवेलीला ऊन सोसत नाही, म्हणून ती शेवरी-पांगाऱ्याच्या सावलीत वाढवतात. जपानी शेतकरी चहाच्या झुडपांवर तोडणीआधी सुमारे वीस दिवस आच्छादन घालतात. उन्हात पानातल्या थिअनिनपासून तुरट पदार्थ तयार होतात. सावलीत ते कमी होतं आणि गोडी पानातच राहते. या पानांचा चहा म्हणजे ग्योकुरो. तो ५०-६० अंशांच्या पाण्यात, अगदी छोट्या कपात, दोन मिनिटं ठेवून पितात. चव डाळीच्या कटासारखी भरीव लागते. या चवीला 'उमामी' हे नाव किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये दिलं. अर्थात, त्याने ती शोधली चहात नव्हे, समुद्री वनस्पतीच्या सारात.

सावलीतल्याच पानांच्या शिरा-देठ काढून ती दगडी जात्यावर दळली की होतो माचा. जातं इतकं सावकाश फिरतं की तासाभरात जेमतेम ३०-४० ग्रॅम पूड पडते. ही पूड गाळत नाहीत, बांबूच्या रवीने फेसतात. म्हणजे अख्खं पानच पोटात जातं आणि सोबत सगळं कॅफिनही. आजकाल माचाचं आइस्क्रीम, माचाची लाटे मुलांना 'हेल्दी' म्हणून देतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि इथेच एक काळजीची गोष्ट. कोणताही चहा, हिरवा असो की काळा, आपल्या डाळ-भाजीतलं लोह अंगी लागू देत नाही. शाळेत मुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी देतो, आणि घरी त्याच मुली चहा-पोळी खातात! ग्रीन टी आहे म्हणून चालेल, असं नाही. जेवण किंवा गोळी आणि चहा यांत तासाभराचं अंतर हवंच. पालकसभेत मी हे दर वेळी सांगतो.

सौम्य चहाच हवा असेल तर बांचा आणि होजिचा. बांचा म्हणजे उशिरा तोडलेली जून पानं. होजिचा म्हणजे भाजलेला चहा. त्यात कॅफिन कमी असतं, म्हणून जपानमध्ये तो रात्री आणि म्हाताऱ्या माणसांनाही देतात. हा तर आपण घरीही करू शकतो. कपाटावरचा तो डबा मी शेवटी खाली काढला. कोरड्या कढईत मंद आचेवर, दाणे भाजतो तसं, पत्ती तपकिरी होईस्तोवर हलवत राहिलो. घरभर खमंग वास सुटला! याला उकळतं पाणी चालतं. त्यामुळे मावशीही खूश.

गेन्माइचा तर आणखी जवळचा वाटेल. हिरव्या पत्तीत तेवढाच भाजलेला ब्राऊन राइस. काही दाणे लाह्यांसारखे फुटतात. महागडी पत्ती पुरवून वापरायला गरिबांनी तांदूळ मिसळला असं सांगतात. आज मात्र श्रीमंतही आवडीने पितात.

उन्हाळ्यात आणखी एक करून पहा. लिटरभर पिण्याच्या थंड पाण्यात तीन-चार चमचे सेंचा टाकून बाटली फ्रिजमध्ये चार-पाच तास ठेवा. कडूपणा जवळजवळ येतच नाही, साखरेचीही आठवण होत नाही.

ग्योकुरो कधी हाती लागला तर उरलेली पानंही टाकू नका. जपानी लोक त्यावर थोडा सोया सॉस घालून खातात. आपण लिंबू-मीठ लावून कोशिंबिरीसारखी खाल्ली तरी चालतील.