जुन्या आठशेचे बुश, घरच्या घरी

गतिरोधक ओलांडताना पुढच्या चाकाखालून ‘ठक्’ असा आवाज येतो. ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते. टायरची एकच कड झिजून गुळगुळीत होते. जुनी मारुती ८०० सांभाळणाऱ्यांना ही लक्षणं चांगलीच ओळखीची असतात. पहिला संशय शॉकअपवर जातो. शॉकअप बदलूनही आवाज तसाच राहिला, की कोणीतरी गाडीखाली वाकून बघतं आणि मूठभर आकाराचं, चिरा पडलेलं रबर दिसतं. चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मचा बुश गेलेला असतो.

पहिली ८०० ग्राहकाच्या हाती पडली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी, आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे शेंडेफळ म्हणावी अशी आठशेसुद्धा आता दहा वर्षांपेक्षा जुनी आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवून घेता येते, त्यामुळे अनेक गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्यांच्या बुशांचं आयुष्य मात्र नुसत्या किलोमीटरवर ठरत नाही. ऊन, इंजिनाची धग, हवेतला ओझोन आणि वरून ठिबकणारं ऑइल यांनी रबर जागच्या जागी म्हातारं होतं. वर्षभर झाकून ठेवलेल्या गाडीचे बुशही तडकतात.

राहिलेलं काम रस्ते करतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे गाडी त्यावर सावकाश चढते आणि उतरते. गल्लीतल्या लोकांनी रातोरात घातलेला हातभर रुंदीचा उंचवटा हाच चढउतार एका दणक्यात उरकतो, आणि तो दणका आधी बुशाला सोसावा लागतो.

बुशाची रचना साधी असते. बाहेर लोखंडी नळी, आत त्याहून लहान नळी आणि दोन्हींच्या मध्ये पक्कं चिकटवलेलं रबर. आतल्या नळीतून जाणारा बोल्ट तिला गाडीच्या सांगाड्याशी घट्ट आवळून धरतो. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवलेली असते. चाक वर-खाली होतं तेव्हा या दोन नळ्यांपैकी कोणतीही आपल्या जागेवर घसरत नाही. मधलं रबरच पिळलं जातं आणि सुटतं. बुश म्हणजे बेअरिंग नव्हे. घरी काम करणाऱ्याने ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढच्या बहुतेक चुका टळतात.

आठशेच्या पुढच्या चाकाची मांडणी काटकसरीची आहे. लोअर आर्म सांगाड्याला आतल्या टोकाशी एकाच ठिकाणी जोडलेला असतो. त्याला पुढे-मागे हलू न देण्याचं काम स्टॅबिलायझर बार करतो. या वाकवलेल्या दांड्याची टोकं दोन्ही आर्ममध्ये रबरी बुशांतून शिरतात, आणि मधला भाग दोन पट्ट्यांनी सांगाड्याला धरलेला असतो. त्या पट्ट्यांखालीही रबर असतंच. म्हणून दांड्याच्या टोकाचे बुश झिजले की ब्रेक दाबताच चाक किंचित मागे सरकतं. डावं-उजवं सारखं सरकत नाही, आणि स्टिअरिंग ओढू लागतं. ब्रेकमध्ये दोष शोधत बसण्याआधी हे बुश पाहणं शहाणपणाचं.

तपासणीला फार हत्यारं लागत नाहीत. आर्म आणि सांगाडा यांच्या फटीत टॉमी घालून हलकेच उचकायचं. चांगला बुश थोडासा दबतो आणि टॉमी सोडताच जागेवर येतो. गेलेल्या बुशात आर्म सैल खेळतो, रबर लोखंडापासून सुटलेलं दिसतं, कधी आतली नळी मधोमध न राहता एका बाजूला कललेली असते. रबराच्या वरच्या थरातल्या बारीक रेषा पाहून घाबरायचं कारण नाही. फट आत खोलवर गेली असेल तर बुश बदलायचाच.

बदलायचे ते दोन्ही बाजूंचे. नवे बुश पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा तालुक्याच्या कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात. त्यांच्या किमतीपेक्षा ते बसवण्याची मजुरी जास्त पडते, म्हणूनच हे काम घरी करण्याचा मोह होतो.

गाडी सपाट आणि पक्क्या जमिनीवर उभी हवी. मागच्या चाकांना अटकाव लावून, चाकांचे नट आधी सैल करून मग पुढची बाजू उचलायची आणि सांगाड्याच्या मजबूत जागी दोन स्टँड द्यायचे. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे तर स्टँड म्हणून वापरूच नयेत; ते वाकत नाहीत, एकदम फुटतात. पुढची दोन्ही चाकं एकाच वेळी उचलणं आठशेत गरजेचं आहे. एकच बाजू उचलली, तर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि टोक आर्ममधून निघता निघत नाही.

खरी झटापट गंजाशी असते. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत राहिलेल्या गाडीत बोल्ट आतल्या नळीशी अगदी एकजीव होतो. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवलं तर बरंच काम हलकं होतं. पुढे आर्म काढून बाहेर घ्यायचा आणि बुश दाबून काढायचा. त्यासाठी प्रेस लागतोच असं नाही. एक लांब बोल्ट, नट, जाड वॉशर, बुशाच्या बाहेरच्या नळीपेक्षा जरा लहान सॉकेट आणि त्याच नळीपेक्षा जरा मोठा पाइपचा तुकडा एवढं पुरतं. एका बाजूला सॉकेट, दुसऱ्या बाजूला पाइप, मधून बोल्ट. पाना फिरवत गेलं की बराच वेळ काहीच हलत नाही, पाना जड होत जातो. मग ‘कडक्’ असा आवाज होतो आणि बुश पाइपात सरकू लागतो. रबर जाळून काढण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. तिचा धूर विषारी असतो, घराच्या आवारात ती नकोच.

आर्मचं भोक पॉलिश पेपरने साफ करायचं आणि नवा बुश जुन्याच दिशेला धरून त्याच जुगाडाने आत ओढायचा. दाब बाहेरच्या लोखंडी नळीवर पडायला हवा, रबरावर नाही. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावल्यास नैसर्गिक रबर फुगून मऊ पडतं. साबणाचं पाणी पुरतं.

आता सर्वांत महत्त्वाचा टप्पा, आणि नेमका तोच चुकतो. आर्म बसवला, बोल्ट घातले, चाक हवेत लोंबकळत असतानाच सगळं करकचून आवळलं, की नवा बुश जन्मतःच पिळलेला राहतो. गाडी जमिनीवर आली की रबर एका दिशेला ताणलेलं, आणि प्रत्येक खड्डा त्याला आणखी पिळणार. असा बुश काही महिन्यांतच फाटतो आणि दोष बिचाऱ्या कंपनीच्या माथी येतो. म्हणून आधी बोल्ट नुसते हातघट्ट करायचे, चाकं चढवून गाडी खाली घ्यायची, पुढून दोन-तीनदा दाबायची, थोडी पुढे-मागे ढकलायची, आणि भार चाकांवर असताना शेवटचं आवळायचं. खाली हात पोहोचत नसेल तर गाडी स्टँडवरच ठेवून आर्मखाली जॅक लावायचा आणि सांगाडा स्टँडवरून जेमतेम उचलू लागेपर्यंत वर घ्यायचा. किती आवळायचं ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. त्यासाठी टॉर्क पाना हवा.

दुकानात रबराऐवजी पॉलियुरेथेनचे रंगीत बुशही दाखवतात. ते कडक असतात, ऑइलला दाद देत नाहीत, स्टिअरिंगही त्यांच्यामुळे चपळ वाटतं. पण ते पिळले जात नाहीत, आतल्या नळीवर फिरतात. त्यामुळे त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं. ते वाळलं की कुरकुर सुरू होते, आणि रस्त्याचा खडखडाट सरळ केबिनमध्ये पोहोचतो.

बोल्ट सुटतच नसेल, तर घणाचे घाव घालण्यापेक्षा हात थांबवून मेकॅनिकला बोलावलेलं बरं. आर्म सुटला पण बुश हलत नाही असं झालं, तर आर्म पिशवीत घालून जवळच्या लेथवाल्याकडे न्यावा. त्याचा हायड्रॉलिक प्रेस हे काम काही मिनिटांत करतो. आर्म वाकलेला किंवा गंजून पातळ झालेला असेल तर त्यात नवा बुश घालण्यात अर्थ नाही, आर्मच नवा घ्यावा. सगळं जुळल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यायची, कारण सैल बुशांवर केलेलं जुनं सेटिंग आता लागू पडत नाही. शे-दोनशे किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासावेत.